इतर औषधे : निरंक

रकानेसाहेबांना गोळी सुरू झाली मंगळवारी, आणि गुरुवार उजाडेपर्यंत ती अख्ख्या इमारतीलाच सुरू झाल्यासारखी झाली. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण 'कसे आहात' विचारायचं सोडून 'आज किती?' विचारू लागला, आणि साहेबही 'छान' म्हणायचं सोडून 'अठ्ठ्याहत्तर' म्हणू लागले.

रकानेसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात ते मुख्य लिपिक होते आणि हाताखालच्या मंडळींनी त्यांचं हे बारसं केलं होतं. अर्जातला एकही रकाना रिकामा राहिलेला त्यांना खपत नसे. समोर साडेपाच फूट उंचीचा धडधाकट माणूस उभा असला, तरी जन्मवेळेचा रकाना भरल्याशिवाय तो जन्मला आहे हे ते मान्य करत नसत. लोक चरफडत परत जात, रकाना भरून आणत, आणि साहेब शांतपणे शिक्का मारत. एकतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही चुकीची नोंद पुढे गेली नव्हती. याचा त्यांना अभिमान होता म्हणणं कमीच पडेल. त्या अभिमानावरच ते ताठ उभे होते.

तर अशा माणसाचं हृदय बेशिस्त वागू लागलं. बसल्या जागी धडधडायला लागायचं, जसं कुणी आत बसून दार ठोठावतंय. हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, ईसीजीच्या पट्ट्या काढल्या, आणि ठोके कमी करणारी एक गोळी लिहून दिली. त्याआधी बाहेरच्या खिडकीवर एक अर्ज भरावा लागला होता. बाकीचे पेशंट त्यात मनाला येईल ते खरडत होते; साहेबांनी मात्र खिशातलं पेन काढून तेवीसच्या तेवीस रकाने भरले. 'सध्या चालू असलेली इतर औषधे' या रकान्यात त्यांनी ठसठशीत अक्षरांत 'निरंक' असं लिहिलं. डॉक्टरीणबाईंनी तोंडीही विचारलं, "दुसरं काही घेता का?"

"लेखी दिलंय," साहेब म्हणाले.

सूचनाही त्यांनी लेखीच मागून घेतल्या. बाईंनी चिठ्ठीवर लिहिलं: रोज सकाळी नाश्त्यानंतर एक गोळी. आधी नाडी मोजा. पन्नासच्या खाली गेली किंवा चक्कर आली तर गोळी घेऊ नका, लगेच फोन करा. मनाने बंद करू नका, मनाने वाढवू नका. साहेबांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली, आणि इतक्या सुस्पष्ट मजकुरात गडबड व्हायला जागाच नाही असा शेरा मनातल्या मनात मारून ते घरी आले.

घरी आल्या आल्या त्यांनी नाडीचं रजिस्टर उघडलं. तारीख, वेळ, ठोके, मोजणाऱ्याची सही. मोजणारे दोघं. साहेब स्वतः डावं मनगट धरत आणि त्यांची बायको उजवं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सव्वीस वर्षं ऑपरेटर होती, त्यामुळे तिला शांत बसून ऐकण्याची सवय होती आणि फालतू बोलण्याची नव्हती. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत दोघं मिनिटभर श्वास रोखून बसत. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, नवरा-बायको एकमेकांचे हात धरून कसली तरी शपथ घेताहेत.

"अठ्ठ्याहत्तर," साहेब म्हणत.

"शहात्तर," बायको म्हणे.

"एकाच माणसाच्या दोन हातांना वेगवेगळं हृदय नसतं."

"मग तुम्ही चुकलात."

साहेब अठ्ठ्याहत्तर लिहीत आणि शेऱ्यात 'सौ. यांचे वेगळे मत : ७६' अशी नोंद करत.

आकडा रोज खाली येत होता, आणि सुरुवातीला साहेबांना याचा कोण आनंद! प्रलंबित अर्जांचा गठ्ठा कमी व्हावा तसं त्यांना वाटे. रविवारी चौसष्ट. पुढच्या मंगळवारी अठ्ठावन्न. तळमजल्यावरच्या शिक्षिकेने 'तुमचं पाहून मीही सकाळी मोजते' असं सांगितलं तेव्हा तर साहेब दोन पायऱ्या जास्तच उत्साहाने चढले, आणि तिसरीवर थांबले. का थांबलो हे त्यांना कळलं नाही. पाय जागेवरच होते. फक्त वर जायची इच्छा कुठेतरी खाली राहून गेली होती.

हाताची बोटंही गार पडू लागली. कचेरीत दुपारी शिक्का उचलला की तो नेहमीपेक्षा जड लागे. एकदा तर एका नवजात मुलीच्या दाखल्यावर शिक्का मारायला त्यांना तीन प्रयत्न लागले आणि ते बघून तिचा बाप घाबरला. "काही अडचण आहे का, साहेब?" तो म्हणाला. "शाई सुकली आहे," साहेब म्हणाले. शाई चांगली ओली होती.

इथे कंपाउंडरकाकांना आत घ्यायलाच हवं, कारण न बोलावता ते आले होतेच. समोरच्या दारातले हे काका अडतीस वर्षं एका जुन्या डॉक्टरांच्या हाताखाली कंपाउंडर होते. डॉक्टर गेले, दवाखाना गेला, पण काकांची कंपाउंडरी काही गेली नाही. इमारतीत कुणी शिंकलं तरी ते सल्ला घेऊन हजर. चिडायचीही सोय नसे, कारण इतक्या मायेने ते तुमचं मनगट हातात घेत की रागावणाऱ्याला स्वतःचीच लाज वाटे.

"लागू पडतंय औषध," साहेबांचं मनगट धरून ते म्हणाले. "थकवा येणारच. हृदय एवढी वर्षं पळत होतं, आता चालायला लागलंय. शरीराला कळायला नको का?"

साहेबांना हे पटलं. पटण्यासारखंच होतं ते, आणि चुकीचं होतं. असं पटण्यासारखं चुकीचं बोलण्यात कंपाउंडरकाकांचा हात धरणारा त्या गल्लीत कुणी नव्हता.

शुक्रवारी नाडी बावन्न भरली. बायको म्हणाली, "फोन करा."

"पन्नासच्या खाली गेली तर फोन करायचा आहे."

"जिन्यात कठडा धरून उभे होतात तुम्ही. मी दारातून पाहिलं."

शेवटी तिनेच नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. दवाखान्यातल्या मुलीने नीट विचारलं, "पन्नासच्या खाली आहे का?"

"नाही. बावन्न."

"चक्कर येते का?"

आता बघा, इथे साहेबांनी खरं सांगायला हवं होतं. पण त्यांच्या मते चक्कर म्हणजे माणूस जमिनीवर पडणं. ते पडले नव्हते. फक्त जिना जरासा हलला होता, आणि अर्जात जिन्याबद्दल काही विचारलेलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले.

"मग सोमवारी अकराची वेळ देते. मधे काही वाटलं तर लगेच कळवा."

साहेबांनी विजयी मुद्रेने फोन ठेवला. सव्वीस वर्षं लोकांचं बोलणं जोडून देणाऱ्या बाईला, आपला नवरा समोरच्या माणसाला चुकीचं सांगतोय हे कळायला फार वेळ लागत नाही.

शनिवारी नाडी बरोबर पन्नास. साहेब घटकाभर चिठ्ठी समोर धरून बसले. 'खाली' म्हणजे एकोणपन्नास. पन्नास म्हणजे पन्नास. ते पन्नासच्या खाली कसं असेल? कचेरीत साठ दिवसांच्या मुदतीचा अर्ज साठाव्या दिवशी आला तर ते घेत, एकसष्टाव्या दिवशी परत करत. त्याच न्यायाने त्यांनी गोळी घेतली, आणि दिवसभर खुर्चीत बसून राहिले. बायकोने दोनदा फोनकडे हात नेला, दोनदा त्यांनी चिठ्ठीकडे बोट दाखवलं.

रविवारी सकाळी पुन्हा पन्नास. बायको म्हणाली, "आज घेऊ नका."

"मनाने बंद करायची नाही, असं लिहिलंय."

"म्हणूनच तर म्हणते, विचारून बंद करू."

वाद रंगला असता, पण तेवढ्यात कंपाउंडरकाका वर्तमानपत्र परत द्यायला आले. गोळी मोठी होती आणि ती घशात अडकते अशी साहेबांची पहिल्या दिवसापासून तक्रार होती. काका हसले. "अहो, एवढंच ना? आमच्या डॉक्टरांच्या वेळी मी सगळ्या गोळ्या कुटून पुड्या बांधायचो. पूड करा, चमचाभर मधात घ्या. पोटात गेल्यावर एकच!" बायको स्वयंपाकघरातून 'थांबा' म्हणेपर्यंत काकांनी वाटीच्या बुडाने गोळी रगडली होती आणि साहेबांनी चमचा चाटून स्वच्छ केला होता.

पोटात गेल्यावर ते एक नव्हतं. ती गोळी दिवसभर थोडी थोडी विरघळत राहावी अशी बनवलेली होती. चोवीस तासांचं औषध साहेबांनी एका चमच्यात घेतलं होतं.

दहाच्या सुमारास ते वर्तमानपत्र वाचायला बसले आणि अक्षरं पुसट दिसू लागली. त्यांनी चष्मा पुसला. अक्षरं तशीच. मग कानात काहीतरी दूरवर गेल्यासारखं झालं, जसं घर तेच पण ते शेजारच्या इमारतीत सरकलंय.

"अगं," ते म्हणाले. एवढंच म्हणाले.

बायको ओले हात तसेच घेऊन आली. तिने त्यांचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साहेबांनाही दुसरं मनगट धरायचं होतं, पण हात उचलेना. ते मिनिट फार लांबलं. एक ठोका येई, मग इतकी शांतता की पुढचा येतो की नाही म्हणून ती वाट बघत राही, आणि मग तो येई.

"एक्केचाळीस," ती म्हणाली. या वेळी वेगळं मत नोंदवायला कुणी नव्हतं.

त्यानंतर तिने जे केलं ते बघायला कंपाउंडरकाका दारात उभे होते, आणि पुढे कितीतरी दिवस ते इमारतीत त्याचं वर्णन करत असत. तिचा आवाज जराही चढला नाही. "रुग्णवाहिका हवी आहे," तिने फोनवर सांगितलं. "पुरुष, वय अठ्ठावन्न. नाडी एक्केचाळीस. शुद्धीवर आहेत, भोवळ आहे, अंग गार आहे. ठोके कमी करणारी गोळी सकाळी साडेआठला कुटून घेतली आहे. पत्ता लिहून घ्या आणि मला परत वाचून दाखवा." मग तिने साहेबांना आडवं केलं, काकांना सांगितलं, "तुम्ही खाली जाऊन फाटक उघडून उभे राहा. काही सांगू नका कुणाला, नुसते उभे राहा," आणि उशीचा अभ्रा काढून औषधांच्या कपाटातलं दिसेल ते त्यात ओतलं.

रुग्णवाहिकेत साहेब छताकडे बघत पडले होते. भीती वाटत होतीच. पण भीतीतही माणूस आपल्या वळणावर जातो. त्यांच्या डोक्यात आलं, आपली नोंद आता आपल्याच कचेरीत होणार. टेबलावर कोण असेल सोमवारी? तो नवा सहायक. तो आडनावात नक्की ऱ्हस्व-दीर्घ चुकवणार, आणि दुरुस्त करायला आपण नसणार. या विचाराने त्यांच्या डोळ्यांच्या कडेने पाणी आलं. बायकोला वाटलं, ते तिच्यासाठी आलं. तिने त्यांचा हात घट्ट धरला, आणि मग ते खरोखरच तिच्यासाठी येऊ लागलं.

रुग्णालयात दारातच एका माणसाने अर्ज पुढे केला. बायको म्हणाली, "मी भरते. ह्यांना आत न्या." आत तारा लावल्या गेल्या, सुई टोचली गेली, आणि एका पडद्यावर हिरवी रेघ सरकू लागली. डोंगर, मग मोठं सपाट रान, मग पुन्हा डोंगर. साहेब त्या रानाकडे डोळे लावून होते. मधेच रान इतकं लांबलं की परिचारिकेने मान वर केली, सलाइनजवळ जाऊन काहीतरी औषध सोडलं, आणि पुन्हा पडद्याकडे बघितलं. मग डोंगर आला. अजून एक आला, जरा लवकर.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. रविवार असूनही आल्या होत्या. केस अजून ओले होते. "गोळी कुटली ते वाईटच," त्या म्हणाल्या, "पण तुमची नाडी त्याच्या आधीच इतकी उतरायला नको होती. मी कमीत कमी डोस दिला होता. दुसरं काही घेता का?"

साहेबांनी ओठ हलवले. "लेखी..."

"ह्यांचं लेखी राहू द्या," बायको म्हणाली, आणि तिने अभ्रा पलंगाच्या पायथ्याशी उलटा केला. मलम पडलं, चिकटपट्ट्या पडल्या, थर्मामीटर पडला, कुठलीशी जुनी खोकल्याची बाटली पडली, आणि सगळ्यांत शेवटी एक छोटी डोळ्यांच्या थेंबांची बाटली घरंगळत आली. डॉक्टरीणबाईंनी ती उचलली, चष्मा वर करून वाचली.

"हे कुणाचं?"

"माझं," साहेब म्हणाले. "पण ते डोळ्यांचं आहे."

"कधीपासून?"

"चार महिने. डोळ्यांतला दाब वाढला होता. दोन्ही डोळ्यांत, सकाळ-संध्याकाळ."

"आणि अर्जात लिहिलं नाहीत?"

"डोळ्यांचे डॉक्टर वेगळे आहेत," साहेब म्हणाले. त्या अवस्थेतही त्यांना हे सयुक्तिक वाटत होतं. औषध म्हणजे पोटात जातं ते. डोळ्यांत टाकतात ते थेंब. हृदयाच्या अर्जात डोळ्यांची माहिती घुसडणारा माणूस त्यांच्या खिडकीवर आला असता, तर त्यांनीच त्याला परत पाठवलं असतं.

डॉक्टरीणबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "ऐका," त्या म्हणाल्या. "हे थेंब डोळ्यांतून नाकात, तिथून रक्तात जातात. यात जे औषध आहे ते माझ्या गोळीचं सख्खं भावंड आहे. म्हणजे ठोके कमी करणारं औषध तुम्ही दोन्हीकडून घेत होतात, आणि मला वाटत होतं मी एकटीच देतेय."

साहेब फार हळू म्हणाले, "रकाना रिकामा नव्हता सोडला."

"रिकामा असता तर मी विचारलं असतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही तो चुकीचा भरलात."

सलाइनची सुई, छातीवरच्या तारा, पाठीमागून उघडा असलेला तो रुग्णालयाचा झगा, हे सगळं साहेबांनी मानाने सोसलं होतं. हे वाक्य मात्र लागलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

दोन दिवस त्यांना तिथे ठेवलं. हृदयाच्या डॉक्टरीणबाई आणि डोळ्यांचे डॉक्टर यांनी एकमेकांना फोन केला; साहेबांच्या बायकोने तो समोर बसून ऐकला आणि मगच समाधान मानलं. थेंब बदलून दुसऱ्या जातीचे दिले गेले. गोळी काही दिवसांनी, त्यांच्या देखरेखीखाली, पुन्हा सुरू झाली. अख्खी गिळायची, फोडायची नाही, चावायची नाही. आणि चक्कर म्हणजे काय याची व्याख्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने लिहून दिली: 'जिना हलणे यात धरावे.'

घरी आल्यावर चार दिवस कंपाउंडरकाका फिरकले नाहीत. समोरचं दार बंद बघून बायकोलाही चैन पडेना. पाचव्या दिवशी दुपारी ते आले, पण आत न येता उंबऱ्यातच उभे राहिले. हातात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता.

"मी तुम्हाला मारलं असतं," ते म्हणाले.

"मी चमचा चाटला," साहेब म्हणाले. "तुम्ही फक्त रगडलंत. या आत."

काका आत आले. डबा टेबलावर ठेवला, झाकण काढायला त्यांना बराच वेळ लागला. आत कागदाच्या पुड्या होत्या, एकसारख्या, सुबक, जुन्या दवाखान्यात बांधत तशा.

"यात काय आहे?" बायकोने विचारलं.

"माझी औषधं," काका म्हणाले. "तीन डॉक्टरांची. रोजच्या अकरा गोळ्या आहेत. मोजून घ्यायचा कंटाळा येतो म्हणून मी महिन्याच्या सगळ्या एकदम कुटतो, मिसळतो आणि तीस पुड्या बांधतो. सकाळी एक घेतो." त्यांनी एक पुडी उचलून परत ठेवली. "त्या दिवसापासून एकही घ्यायची हिंमत झालेली नाही. आणि न घ्यायचीही भीती वाटते. कोणाला विचारू? सगळी इमारत मला विचारते."

साहेबांना ती अकरा औषधं एकमेकांत मिसळलेली दिसली, एकही रकाना नसलेला पांढरा ढीग, आणि त्यांच्या अंगावर काटा आला. आठवड्यापूर्वीचे ते असते, तर त्यांनी व्यवस्थितपणावर एक छोटं व्याख्यान दिलं असतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"आठवडाभर काहीच नाही घेतलं?"

"नाही."

"चक्कर? जिना हलतो?"

काकांनी मान खाली घातली. "थोडा."

बायको तोवर फोनपाशी पोहोचली होती. "डॉक्टरीणबाईंना देता का?" तिचा तो शांत, सपाट आवाज ऐकू येऊ लागला. "पेशंट पुरुष, वय बहात्तर..."

"हात द्या," रकानेसाहेब म्हणाले.

काकांनी सवयीने साहेबांचंच मनगट धरायला हात पुढे केला. साहेबांनी तो अलगद उलटा केला, टेबलावर ठेवला आणि अंगठ्याखाली आपली दोन बोटं टेकवली. काका त्या बोटांकडे बघत राहिले.

"अडतीस वर्षं हजारोंच्या पाहिल्या," ते म्हणाले. "माझी कुणी पाहिली नव्हती."

"बोलू नका," साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले. "मोजायला चुकतं."